नाताळात मित्रांसोबत मुंबई : सुरुवात परतीच्या तिकिटापासून करा

डिसेंबर लागला की कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर मेसेज पडतोच, "नाताळात मुंबई करायची का?" पाच मिनिटांत दहा अंगठे वर येतात. मग पंधरा-वीस दिवस कुणी काही हलत नाही. वीस तारखेला एकजण तिकीट बघतो, तर परतीच्या गाडीला वेटिंग, फोर्टातल्या खोल्या गेलेल्या, आणि दहातले चार जण घरच्या लग्नात अडकलेले. नाशिकहून मुंबई जेमतेम चार तासांवर आहे, म्हणून आपण तिला गृहीत धरतो. एरवी ते चालून जातं, पण नाताळच्या आठवड्यात नाही.

आमच्या मित्रमंडळींची ही सहल मी काही वर्षं जुळवतो आहे. त्यातून जे शिकलो ते इथे क्रमाने लिहितो. हा क्रम नेहमीच्या उलट आहे. आधी परतीचं तिकीट, मग राहायची जागा, मग जाण्याचं तिकीट, आणि काय बघायचं ते सगळ्यात शेवटी.

तारीख आणि माणसं

माझं मत स्पष्ट आहे : २३ डिसेंबरला सकाळी निघा आणि २५ ला रात्री घरी या. दोन रात्री पुरतात. नाताळची खरी मुंबई २४ च्या संध्याकाळी असते. ३१ डिसेंबरला गर्दी जास्त आणि बघायला कमी. त्याबद्दल पुढे लिहिलंच आहे.

माणसं किती, हा प्रश्न लोक सोडून देतात आणि तिथेच फसतात. काळी-पिवळी टॅक्सी चार जणांना घेते, रिक्षा तिघांना. शिवाय रिक्षा वांद्रे आणि सायनच्या दक्षिणेला चालतच नाहीत. म्हणजे फोर्ट, कुलाबा, गिरगावात चालणं, बस, मेट्रो किंवा टॅक्सी. चार किंवा आठ जण असतील तर हिशेब सरळ बसतो. पाच जण झाले की प्रत्येक वेळी दुसरी टॅक्सी एकासाठी करावी लागते. खोल्याही दोघा-तिघांच्या मिळतात. आठाच्या वर जाऊ नका. बारा जणांना एका हॉटेलात एका वेळी टेबल मिळत नाही आणि लोकलच्या एका डब्यात चढता येत नाही.

येणाऱ्याचा होकार पैशांनी मोजा. तारीख ठरली त्याच दिवशी प्रत्येकाने ठरावीक कॉन्ट्री एकाकडे पाठवायची. ज्याचे पैसे आले तो येणार, बाकीच्यांना प्रेमाने पुढच्या वर्षी. हे कठोर वाटेल, पण आलेल्यांची सहल त्यानेच वाचते.

परतीचं तिकीट

रेल्वेचं आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं, पूर्वी ते १२० दिवस होतं. त्यामुळे २५ डिसेंबरच्या परतीसाठी ऑक्टोबर संपता संपताच जागं व्हावं लागतं. 

नाशिककराची गाडी पंचवटी एक्सप्रेस. सकाळी सातच्या सुमारास नाशिकरोड, पावणेअकराच्या आसपास सीएसएमटी. परत येताना संध्याकाळी सव्वासहाच्या सुमारास सीएसएमटीहून सुटते आणि दहाच्या आत नाशिकरोडला आणते. तिच्यामागून राज्यराणी आहे. दुपारी परतायचं असेल तर जनशताब्दी आणि वंदे भारत, आणि पहाटे सहाच्या पुढे सुटणारी तपोवन. वेळा मधूनमधून बदलतात, तिकिटावर छापलेलीच खरी धरा.

पंचवटीत पासधारकांचे डबे आहेत. रिकाम्या दिसणाऱ्या सीटवर बसलात तर पुढच्या स्टेशनवर उठावं लागेल. ती माणसं वर्षानुवर्षं रोज हा प्रवास करतात. त्यांच्या डब्यात शिरू नका.

तत्काळवर भिस्त ठेवायची तर : एसीसाठी प्रवासाच्या आदल्या दिवशी सकाळी १० ला खिडकी उघडते, बिगर-एसीसाठी ११ ला. जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळसाठी खात्याला आधार जोडलेलं लागतं. ज्याच्या खात्याला ते जोडलेलं आहे त्याच्यावरच हे काम सोपवा.

रेल्वे मिळाली नाही तर

तीन मार्ग उरतात. मुंबई नाक्यावरच्या महामार्ग बसस्थानकावरून एसटी मिळते. बायकांना एसटीत निम्मं तिकीट आहे, ग्रुपमध्ये मैत्रिणी असतील तर खर्चात चांगला फरक पडतो. दुसरा मार्ग कसाऱ्याचा : नाशिकहून कसाऱ्यापर्यंत शेअर टॅक्सी आणि तिथून लोकल. कसारा ते सीएसएमटी १२१ किलोमीटर, साधारण अडीच तास, तिकीट पन्नास रुपयांच्या आत. कसाऱ्याला गाडी तिथूनच सुटते म्हणून बसायला जागा मिळते. जाताना हा मार्ग झकास आहे. येताना मात्र रात्री उशिरा यावर विसंबू नका, कसाऱ्याला उतरल्यावर टॅक्सी भरेपर्यंत थंडीत थांबावं लागतं.

तिसरा मार्ग स्वतःची गाडी. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाला आणि कसारा घाटातली रखडपट्टी टळली. इगतपुरीजवळचा जवळपास आठ किलोमीटरचा बोगदा बघण्यासारखा आहे. तरी मी गाडी नेऊ नका असंच सांगेन. आमण्यानंतर भिवंडी आणि माजिवड्याची कोंडी तशीच आहे, आणि फोर्टात पार्किंग शोधण्यात अर्धा दिवस जातो. न्यायचीच असेल तर ठाण्याला किंवा कल्याणला नातेवाइकांच्या सोसायटीत लावा आणि पुढे लोकलने जा. दुचाकीला समृद्धीवर बंदी आहे, त्यामुळे बाईकवाल्यांना जुना घाटच.

राहायचं कुठे

इथे नाशिककराची एक जुनी सवय मोडायला हवी. "माझी आत्या डोंबिवलीला आहे, तिच्याकडे राहू." आत्या प्रेमाने ठेवून घेईल, पण सहलीचे दोन दिवस लोकलच्या दारात लटकून जातील.

मुंबईची मोठी गर्दी सकाळी आठ ते अकरा दक्षिणेकडे वाहते आणि संध्याकाळी पाच ते साडेआठ उत्तरेकडे. डोंबिवलीत राहिलात तर सकाळी-संध्याकाळी दोन्ही वेळा त्या लोंढ्यात सापडाल. सीएसएमटी, फोर्ट किंवा कुलाब्यात राहिलात तर सकाळी वांद्र्याला जाताना आणि संध्याकाळी परतताना तुम्ही गर्दीच्या उलट दिशेने जाता. खोलीला थोडे पैसे जास्त पडतात, पण आठ जणांत वाटले की तो फरक दुसऱ्या दिवशी सकाळीच वसूल होतो. दादरही चालेल, कारण तिथे मध्य आणि पश्चिम दोन्ही लाइनी मिळतात. एवढंच ध्यानात ठेवा की डिसेंबर २०२३ मध्ये दादरच्या फलाटांचे क्रमांक बदलले : १ ते ७ पश्चिमेचे, ८ ते १४ मध्यचे. जुन्या आठवणीवर धावलात तर चुकाल.

खोली घेताना फोनवर चार गोष्टी विचारा : खोलीत किती जणांना परवानगी, चेक-इन किती वाजता, आगाऊ पैसे परत मिळतात का, आणि सर्वांचं ओळखपत्र लागतं का. लागतंच. पॅन कार्डावर पत्ता नसतो म्हणून बहुतेक ठिकाणी ते घेत नाहीत, प्रत्येकाने आधार जवळ ठेवायचं. एका वर्षी आम्ही एका लॉजला फक्त बोलण्यावर खोल्या ठरवल्या. पोहोचलो तर त्या दुसऱ्यांना दिलेल्या. बॅगा घेऊन सहा जण रस्त्यावर, आणि दुपारचे दोन. तेव्हापासून बुकिंगचा लेखी मेसेज घेतो आणि आदल्या संध्याकाळी पुन्हा फोन करतो. तुम्हीही करा.

बॅगेत काय

पहाटे सहाला नाशिकरोडच्या फलाटावर दात वाजत असतात, आणि कल्याण यायच्या आत स्वेटर नकोसा होतो. म्हणून एकच जाड स्वेटर अंगावर, बॅगेत सुती कपडे. चपला नकोत, चालायचे बूट हवेत, कारण दिवसाला दहा-बारा किलोमीटर सहज होतात. बॅग पाठीवरचीच, चाकांची नको. रेल्वे पुलाचे जिने आणि लोकलची गर्दी, दोन्हीकडे चाकं उपयोगाची नाहीत. बॅगेला कुलूप लावा, स्टेशनच्या क्लोकरूमला ते लागतं. सोबत चिवडा आणि भरपूर पाणी.

पहिला दिवस : फोर्ट

मुंबई बघताना एका दिवशी एकच भाग धरायचा. "सकाळी गेटवे, दुपारी जुहू, संध्याकाळी दादर" असा बेत करणाऱ्याला फक्त रेल्वे स्टेशनं आठवतात.

पावणेअकराला सीएसएमटीला उतरलात की बॅगा लॉजवर किंवा क्लोकरूममध्ये टाका, आणि स्टेशनातून लगेच पळू नका. समोरच्या फुटपाथवर जाऊन इमारत नीट बघा. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सने आखलेली ही वास्तू २००४ पासून जागतिक वारसा यादीत आहे. भिंतींवरची दगडी माकडं, मोर, घुबडं शोधायला मित्रांना लावा, अर्धा तास मजेत जातो. समोरच वडापाव आणि पुरीभाजीची जुनी दुकानं आहेत, पोट तिथेच भरा.

मग क्रॉफर्ड मार्केट, म्हणजे महात्मा फुले मंडई, चालत दहा मिनिटांवर. आत आणि आसपासच्या गल्ल्यांत नाताळच्या चांदण्या, झाडं, घंटा, दिव्यांच्या माळा यांचा ढीग असतो. खरेदी करायची तर इथेच आणि २३ तारखेलाच, २५ ला दुकानं उघडी असतील याचा भरवसा नको. घासाघीस चालते. चांदणी घडीची घ्या, उघडलेली घेतलीत तर परतीच्या गाडीत चुरगळते.

दुपारनंतर हॉर्निमन सर्कलकडे या. तिथलं सेंट थॉमस कॅथेड्रल १७१८ सालच्या नाताळच्याच दिवशी प्रार्थनेसाठी खुलं झालं. चर्चगेट हे नाव पडलं ते किल्ल्याच्या ज्या दरवाज्यावरून, तो दरवाजा या चर्चच्या वाटेचा. आत बाहेरचा गोंगाट एकदम थांबतो. तिथून काळा घोडा, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, गेटवे, सगळं पायी होतं. संग्रहालयाला दोन तास द्या, घाईने बघू नका. गेटवेवरून घारापुरीला जायचा मोह होईल. लाँचला एका बाजूने सुमारे तास लागतो, सोमवारी लेणी बंद असतात, आणि सुट्टीच्या आठवड्यात रांग लांब. या सहलीत मी ती गाळेन. रात्री मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर बसा.

दुसरा दिवस : वांद्रे, आणि रात्रीची मिस्सा

२४ ला सकाळी आरामात निघा. सीएसएमटीहून हार्बर लाइनची वांद्रे किंवा गोरेगाव लोकल थेट वांद्र्याला नेते, मध्ये बदलावं लागत नाही. स्टेशनवर उतरून पश्चिमेला रिक्षा किंवा बसने माउंट मेरी. पायऱ्यांजवळ मेणाचे हात, पाय, घरं विकायला असतात. ज्याला जे मागायचं त्या आकाराचं मेण वाहायचं. आपल्याकडच्या नवसासारखंच हे, आणि वाहणाऱ्यांत सगळ्या धर्मांची माणसं दिसतात. तिथून खाली उतरत वांद्र्याचा किल्ला. पोर्तुगीजांनी १६४० मध्ये बांधलेल्या या किल्ल्यावरून सागरी सेतू अगदी समोर दिसतो. उन्हं कलली की रानवार आणि चिंबईच्या गल्ल्यांत फिरा. कौलारू घरं, खिडक्यांत चांदण्या, अंगणात गवताचे गोठे आणि त्यात बाळ येशू. दुपारीच गेलात तर हे काहीच दिसत नाही, दिवे लागायला हवेत. ही लोकांची राहती घरं आहेत. फोटो काढण्यापूर्वी विचारा, बहुतेक हसून हो म्हणतात, कुणी कुलकुल हा नाताळचा गोड पदार्थही हातावर ठेवतं. बेकऱ्यांत या दिवसांत कुलकुल, नेवऱ्या, मार्झिपान, मनुकांचा केक मिळतो. नेवरी म्हणजे जवळपास आपली करंजीच.

मध्यरात्रीची मिस्सा, म्हणजे चर्चमधली नाताळची प्रार्थना, ऐकायची असेल तर एक गणित लक्षात घ्या. मिस्सा संपून तुम्ही वांद्रे स्टेशनला याल तेव्हा लोकल बंद झालेली असण्याचीच शक्यता जास्त. म्हणून साडेनऊ-दहापर्यंत वांद्र्याहून निघा आणि मिस्सेला राहत्या जागेजवळच्या चर्चमध्ये जा. कुलाब्याचं होली नेम कॅथेड्रल त्यासाठी सोयीचं आहे, लॉजवर चालत परतता येतं. काही चर्चमध्ये मिस्सा मध्यरात्रीच्या आधीच असते. दिवसा जाऊन फलकावरची वेळ बघून या.

नाशिकरोडला बाळ येशूच्या यात्रेला गेलेल्यांना शिस्त माहीत असतेच. बाकीच्यांसाठी : टोपी काढायची, खांदे-गुडघे झाकलेले कपडे, मोबाइल बंद, मागच्या बाकांवर बसायचं, पुढच्या जागा तिथल्या कुटुंबांच्या. आणि शेवटाकडे सगळे उठून रांगेने पुढे जातात तेव्हा प्रसाद समजून त्या रांगेत उभे राहू नका. ती पवित्र भाकर श्रद्धेने दीक्षा घेतलेल्यांसाठीच असते. बसून राहिलात तर कुणाला वावगं वाटत नाही.

तिसरा दिवस : गिरगाव

२५ ला उशिरा उठा. मेट्रोची तिसरी मार्गिका ऑक्टोबर २०२५ पासून आरे ते कफ परेड अशी पूर्ण धावते. सीएसएमटीहून काळबादेवी आणि पुढचं स्टेशन गिरगाव. खोताची वाडी तिथून जवळ आहे. अरुंद बोळ, लाकडी जिने, रंगीत व्हरांडे, आणि भोवती उंच इमारती. पाठारे प्रभू, ईस्ट इंडियन (मुंबईचे मूळचे ख्रिस्ती), गुजराती, सगळे शेजारी. घोळक्याने आरडाओरडा करत शिरू नका, दोघा-तिघांच्या तुकड्या करा. धोबी तलावाला १९०४ पासून चालू असलेलं कयानी हे इराणी हॉटेल आहे, मावा केक आणि ब्रून मस्का. सणाच्या दिवशी उघडं आहे का ते फोन करून पाहा.

दुपारी चारपर्यंत लॉजवर, पाचला बॅगा घेऊन सीएसएमटी. सव्वासहाच्या गाडीसाठी सहाला निघालेले लोक दरवर्षी गाडी चुकवतात.

लोकलमध्ये आठ जण

तिकीट मोबाइलवर काढायचं तर स्टेशनच्या बाहेर असतानाच काढा, फलाटावर उभं राहून ते निघत नाही. खूप फिरायचं असेल तर एक, तीन किंवा पाच दिवसांचं पर्यटक तिकीट खिडकीवर मागा. फास्ट लोकल प्रत्येक स्टेशनवर थांबत नाही, चढण्याआधी फलकावर बघा. सुट्टीच्या आठवड्यात रविवार आला तर मेगाब्लॉक कुठल्या लाइनीवर आहे ते आदल्या रात्री पाहून ठेवा.

चुकामूक होतेच. त्यासाठी एक नियम घरूनच ठरवा : कुणी खाली राहिला तर बाकीच्यांनी मध्येच उतरायचं नाही. सगळ्यांनी ठरलेल्या स्टेशनवर, ठरलेल्या फलाटाच्या पहिल्या इंडिकेटरखाली थांबायचं. मागे राहिलेला पुढच्या गाडीने येतो. एकमेकांना शोधायला दोन्ही बाजू उतरल्या की तास जातो. मैत्रिणी महिला डब्यात बसणार असतील तर त्यांनी दोघी-दोघीने चढावं आणि उतरायच्या स्टेशनचं नाव आधीच पाठ करावं.

३१ डिसेंबरलाच जायचं असेल तर

खोली मरीन ड्राइव्ह किंवा गेटवेपासून चालत जाण्याच्या अंतरावर घ्या. त्या रात्री पोलीस या भागांतले रस्ते वाहनांना बंद करतात, टॅक्सी जवळ येत नाही. रेल्वे त्या रात्री उशिराच्या जादा लोकल सोडते, वेळापत्रक एक-दोन दिवस आधी जाहीर होतं. मोबाइल पुढच्या खिशात, फोनची बॅटरी भरलेली, आणि बारानंतर भेटायची जागा नक्की केलेली. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या तपोवनचं तिकीट काढलं असेल तर झोपायचं नाही, थेट स्टेशन.

हिशेब गाडीतच

एकच खजिनदार ठेवा. प्रवास, खोली, जेवण सामाईक पैशांतून, खरेदी ज्याची त्याने. प्रत्येक खर्च केला तिथेच ग्रुपवर टाकायचा. उरलेले किंवा कमी पडलेले पैसे परतीच्या गाडीत कल्याण ते कसाऱ्याच्या दरम्यान यूपीआयने मिटवा. पुढे घाटातल्या बोगद्यांत रेंज जाते, आणि घरी पोहोचल्यावर हिशेब कुणी काढत नाही. कसाऱ्याला मागून बँकर इंजिनं लागतात, गाडी त्यांच्या रेट्याने थळ घाट चढते. इगतपुरी आली की दारातून गार वारा आत येतो. तोवर स्वेटर बॅगेत तळाशी गेलेला असतो, म्हणून तो सीएसएमटीलाच वर काढून ठेवा. नाशिकरोडहून शहरात यायला रात्री दहानंतर सिटीलिंकच्या बस कमी होतात. न्यायला कोण येणार ते कसाऱ्याच्या आधीच घरी कळवा.